‘र’ कुठे बसतो?
(जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी तयार केलेल्या वाचनपुस्तिकेची प्रस्तावना)

लग्नसराईत खानदेशातल्या घरोघरी येऊन पडणाऱ्या पत्रिका चाळून पाहाव्यात. नवरानवरीची नावे बरोबर, मुहूर्त बरोबर, खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ तेही बरोबर. आणि वडीलधाऱ्यांच्या नावांवर ठळक अक्षरांत छापलेले असते, ‘आर्शिवाद’. छापणारा शिकलेला असतो, छापून घेणारा पदवीधर असतो, मजकूर तपासून देणारे कधीकधी गावातले गुरुजीच असतात. तरी रफार ‘वा’वरून उडून ‘शि’वर जाऊन बसतो. याला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. निष्काळजीपणाच्या चुका दर वेळी वेगळ्या होतात. ही चूक वर्षानुवर्षे त्याच जागी होत आली आहे.

शब्द मोठ्याने म्हणून पाहा : आ-शीर्-वाद. कानाला ‘र’ हा ‘शी’ला चिकटलेला ऐकू येतो, म्हणून हात त्याला ‘शी’च्या डोक्यावर ठेवतो. लिपीचा कायदा मात्र वेगळा आहे. ‘र’ ज्या अक्षराच्या आधी उच्चारायचा, त्या अक्षराच्या डोक्यावर तो चढवायचा. म्हणजे चूक करणाऱ्याचा कान शाबूत आहे; त्याला लिपीचा हा कायदा कधी कोणी उलगडून दाखवला नाही, इतकेच. पहिली-दुसरीत ‘हा रफार, हा असा काढायचा’ एवढ्यावर धडा आटोपला आणि पुढे जन्मभर तो अंदाजाने बसत राहिला.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही शिक्षकांनी मिळून ही पुस्तिका तयार केली ती एवढ्याच एका अक्षरासाठी. एका अक्षरावर अख्खी पुस्तिका, हे ऐकून भुवया उंचावतील. पण दुसरीच्या वर्गात बसून मुलांचे वाचन ऐकावे. काना, मात्रा, वेलांटी यांत तरबेज झालेले मूल भराभर वाचत येते आणि ‘गर्दी’पाशी थबकते. ‘गदी’ वाचते, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहते, मग ‘गदरी’ म्हणून बघते. त्याच्या डोळ्यांनी काही चुकीचे पाहिलेले नाही. त्याने ‘ग’ पाहिला, ‘द’ पाहिला, वेलांटी पाहिली, आणि सर्वांत शेवटी, वेलांटीच्याही उजव्या टोकाला, रफार पाहिला. डावीकडून उजवीकडे वाचायचे हे आपणच त्याला वर्षभर शिकवले. त्या हिशेबाने ‘र’ शेवटीच यायला हवा. मराठी लिपीत लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम काही ठिकाणी फारकत घेतात. पहिली वेलांटी हे त्याचे एक उदाहरण, पण ती निदान ज्या व्यंजनाची असते त्यालाच धरून राहते. रफार अख्खे अक्षर ओलांडून जातो.

त्यात ‘र’चा वेश एक नाही. ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर असतो, ‘चक्र’मध्ये पोटात तिरपी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये अक्षराखाली छपरासारखा येतो, ‘बकऱ्या’मध्ये आडवा झोपतो, आणि ‘कृषी’मध्ये मुळी व्यंजन म्हणून येतच नाही. ‘त्र’ आणि ‘श्र’ तर असे की त्यांत ‘त’ आणि ‘श’ ओळखू येत नाहीत. ते दोन्ही नवी अक्षरे म्हणूनच शिकवावेत, उगाच फोड करून दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘छत्री’ आणि ‘श्री’ मुलांना चित्रासारखे ओळखता येतात, ‘श्री’ तर घराच्या भिंतीवरच लिहिलेला असतो.

या पुस्तिकेतली मला सर्वांत पटलेली गोष्ट रफाराच्या प्रकरणात आहे, आणि ती खानदेशातच सुचू शकते. इथले मूल घरी ‘धर्म’ म्हणत नाही, ‘धरम’ म्हणते. ‘कर्ज’ला ‘करज’, ‘खर्च’ला ‘खरच’, ‘अर्ज’ला ‘अरज’, ‘दर्शन’ला ‘दरसन’. दुसरीकडे ‘प्रसाद’चा ‘परसाद’, ‘प्रवास’चा ‘परवास’, ‘प्रत्येक’चे ‘परतेक’, ‘प्रेम’चे ‘पिरेम’. जोडाक्षर आले की त्यात एक स्वर घालून जीभ ते सैल करून घेते. महाराष्ट्राच्या इतर गावांतही हे चालते, पण अहिराणी आणि तिच्या शेजारच्या बोलींच्या मुलखात शाळेच्या मराठीशी अंतर आधीच जास्त आहे. ‘शाळा’ची ‘शाया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ करणाऱ्या मुलाला आपण पहिल्या दिवसापासून टोकत असतो. त्यात ‘धरम’ची भर पडली की ‘नीट बोल’ हा एकच धडा वर्षभर चालतो.

पुस्तिकेचे म्हणणे असे की ‘धरम’ला टोकू नका, त्याचाच उपयोग करा. ‘धरम’ म्हणणाऱ्या मुलाला ‘र’ कुठे आहे ते पक्के ठाऊक आहे : ‘ध’च्या नंतर, ‘म’च्या आधी. पाटीवर ध, र, म अशी सुटी अक्षरे लिहायची. ती त्याला येतातच. मग म्हणायला लावायचे, आधी सावकाश, मग भराभर, आणखी भराभर. ‘र’नंतरचा ‘अ’ गिळला जातो. स्वर गेला म्हणजे ‘र’चा पाय मोडला. पाय मोडलेल्या ‘र’ला ओळीत उभे राहता येत नाही, तो पुढच्याच्या डोक्यावर चढतो, एसटीत जागा मिळाली नाही की पोती टपावर जातात तसा. मुलाने हे एकदा आपल्या तोंडाने केले की ‘गर्दी’ वाचताना त्याला रफार दिसताच कळते की हा खालच्या अक्षराच्या आधी म्हणायचा आहे.

आता ‘परसाद’ घ्या. वरवर पाहता हाच खेळ, पण इथेच गंमत आहे आणि इथेच शिक्षक घसरतो. ‘परसाद’ म्हणताना मुलाला ‘पर’ एकत्र ऐकू येतो, म्हणून रफार नुकताच शिकलेले मूल बिनचूक तर्काने ‘पर्साद’ लिहिते. त्याला ‘चूक’ म्हणून लाल रेघ मारण्याआधी पाहावे की या शब्दात गिळायचा स्वर कोणता. ‘धरम’मध्ये ‘र’च्या नंतरचा स्वर गिळला. ‘परसाद’मध्ये ‘र’च्या आधीचा, म्हणजे ‘प’मधला, गिळायचा आहे. पाय मोडतो तो ‘प’चा. ‘र’ तर धडधाकट आहे, त्याचा स्वर त्याच्यापाशी आहे. अनेक मोठ्या माणसांना हे सांगितले की ती चपापतात. ‘प्र’मधली ती बारीक तिरपी रेघ पाहून सगळ्यांचा समज असतो की अर्धा आहे तो ‘र’. प्रत्यक्षात ‘प्र’मध्ये ‘प’ अर्धा आणि ‘र’ पुरा, आणि ‘र्प’मध्ये ‘र’ अर्धा आणि ‘प’ पुरा. दिसण्यात मात्र दोन्हीकडे ‘प’च ऐसपैस बसलेला. लिपीने इथे मुलाला चकवले आहे हे आपण मोकळेपणाने कबूल करावे.

तेव्हा सूत्र एवढेच : ‘र’नंतरचा स्वर गेला तर रफार, ‘र’च्या आधीचा गेला तर रकार. आधी कानाने, मग जिभेने, मग पाटीवर. या पुस्तिकेत रफाराचे चिन्ह फळ्यावर येण्याआधी नुसत्या म्हणण्याच्या आणि टाळ्यांच्या खेळांना बरीच पाने दिली आहेत. अधिकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटेल. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे ठरवले, त्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली, आणि तेव्हापासून वर्गात घाई शिरली आहे. घाईत चिन्ह लवकर दाखवले जाते आणि आवाज मागे राहतो. मग तेच मूल चौथीत ‘आर्शिवाद’ लिहिते.

खानदेशी बोलीला वर्गात अशी जागा देण्यावर काहींचा आक्षेप असेल. शाळा प्रमाण मराठी शिकवण्यासाठी आहे, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे, आणि पुस्तिकेचाही मुक्काम तोच आहे; ‘धरम’वरून निघून ‘धर्म’वर पोचायचे आहे. पण २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली आहे. एवढ्यांची जीभ वळण चुकलेली आहे असे समजून शिकवता येत नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली, तेव्हा उच्चार होते तसे छापले गेले, ते सोवळे करून घ्यावेत असे कोणाला वाटले नाही. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठाला त्यांचे नाव आणि पहिलीतल्या मुलाला त्याच बोलीबद्दल टपली, हा व्यवहार काही बरा दिसत नाही.

शब्द कुठून घ्यावेत, याबाबत पुस्तिकेने पाठ्यपुस्तकाबाहेर पाहिले आहे आणि ते मला फार आवडले. पाट्या! ‘साक्री’ हा धुळे जिल्ह्यातला तालुका. एसटीच्या पाटीवर मुले तो रोज बघतात, रकार त्यात आयता आहे. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापीला येऊन मिळणारी ‘पूर्णा’, तिच्या डोक्यावर रफार. ‘शिर्डी’ची गाडी तर प्रत्येक स्थानकातून सुटते. तापीच्या काठचे ‘बऱ्हाणपूर’, जे फारुकी राजांच्या काळात साऱ्या खानदेशची राजधानी होते आणि आज राज्याच्या सीमेपलीकडे गेले आहे, त्यात आडवा ‘ऱ’. आणि तालुक्याच्या गावी ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ची कमान, तिच्यात ऋकार. ‘ट्रॅक्टर’ या एका शब्दात ‘र’ दोनदा, एकदा खाली लपलेला आणि एकदा उघडा. ज्या मुलाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची अक्षरे बोटाने गिरवली आहेत त्याला ‘राष्ट्र’ वाचताना ‘ट’खालचे ते छप्पर परके वाटत नाही.

आडव्या ‘ऱ’बद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण पाठ्यक्रमात तो नेहमी शेपटाला येतो आणि मुलाच्या बोलण्यात तो सर्वांत आधी असतो. एक बकरी, दोन बकऱ्या. कैरी, कैऱ्या. वारा, वाऱ्याने. चारा, चाऱ्याला. शेतकरी, शेतकऱ्याचा. ‘री’ किंवा ‘रा’ने संपणारा घरगुती शब्द अनेकवचनात गेला किंवा त्याला प्रत्यय लागला की हा ‘ऱ’ उगवतो. शिवाय ‘ह’च्या संगतीत : कुऱ्हाड, गोऱ्हा, वऱ्हाड, पऱ्हाटी. कपाशीच्या मुलखातल्या मुलाला ‘पऱ्हाटी’ कोणी शिकवावी लागत नाही. इथे जीभ काही सैल करून घेत नाही, घरचा उच्चार आणि शाळेचा उच्चार जवळजवळ एकच. म्हणून पुस्तिकेने हा ‘ऱ’ रफाराच्याही आधी घेतला आहे. पारंपरिक क्रमाला हे धरून नाही. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. जे मुलाच्या तोंडात आहे ते आधी पाटीवर यावे.

हिंदीला या चिन्हाची गरज पडत नाही, नेपाळीला पडते. मराठीला ते का लागते हे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी ठेवले की कळते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘र’ मागे खेचला जातो. ‘दऱ्या’ म्हणजे सातपुड्यात उतरतात त्या; तिथे ‘द’ हलका राहतो आणि ‘र’ पुढे ‘या’कडे झुकतो. लग्नातले ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे आणखी एक जोडपे. एकाला दक्षिणा द्यायची असते आणि दुसऱ्याला डाळ-तांदूळ काढून द्यायचे असतात. अलीकडे मोबाइलवर येणाऱ्या निरोपांत ‘शेतकर्यांना’, ‘कर्मचार्यांना’ असे सर्रास दिसते. मुले आता हेही वाचतात. कीबोर्डवर टिंब असलेला ‘ऱ’ वेगळा दिलेला असतो, तो वापरला की अक्षर नीट उमटते. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटापासून याची सुरुवात व्हायला हरकत नाही.

ऋकाराचे प्रकरण छोटे आहे आणि ते छोटेच हवे होते. मराठीत ‘कृषी’ आणि ‘क्रुषी’ यांच्या उच्चारात भेद उरलेला नाही. मूल ‘क्रुषी’ लिहिते तेव्हा ते ऐकले तसेच लिहिते. इथे कान काही मदत करू शकत नाही, ‘मिरग’ आणि ‘किरपा’ या घरच्या शब्दांचाही उपयोग ‘र’ आहे एवढे सांगण्यापुरताच. तेव्हा कृती, गृहपाठ, वृक्ष, मृग, पृथ्वी, अमृत, हृदय असे प्राथमिक वर्गात लागणारे मोजके शब्द डोळ्यांनी लक्षात ठेवायचे. ‘हृदय’ ऋकाराने आणि ‘ह्रस्व’ रकाराने, हे तर मोठ्यांनाही पाठच करावे लागते.

शेवटचे प्रकरण इंग्रजीचे. ते हवे की नको यावर पुस्तिका करणाऱ्यांत वाद झाला असे कळले. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, गावोगावी सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, त्यामुळे ‘र’चा दुसरा अवतार मुलापुढे त्याच वर्षी उभा राहतो. इंग्रजी शाळांत त्याला ‘बॉसी आर’ म्हणतात, दादागिरी करणारा. नाव समर्पक आहे. ‘कॅट’मध्ये आर घुसला की ‘कार्ट’, ‘बिड’मध्ये घुसला की ‘बर्ड’. शेजारच्या स्वराचे रूपच तो बदलून टाकतो. मराठी ‘र’ असे काही करत नाही. ‘कार्य’मधला ‘आ’ हा ‘आ’च राहतो, ‘पूर्णा’मधला ‘ऊ’ हा ‘ऊ’च. आपल्याकडे प्रश्न ‘र’ बसतो कुठे एवढाच. तिकडे प्रश्न शेजाऱ्याचे काय झाले हा.

तरीही रफार पक्का झालेल्या मुलाचे इथे निम्मे काम झालेले असते. लंडनच्या इंग्रजीत ‘कार’ आणि ‘बर्ड’मधला आर ऐकू येत नाही, आपल्या इंग्रजीत तो खणखणीत वाजतो, आणि देवनागरीत तो रफाराने लिहिताही येतो : बर्ड, शर्ट, नर्स, टर्म, फार्म, हॉर्स. यांत ए-आर म्हणजे ‘आर्’, ओ-आर म्हणजे ‘ऑर्’, हे दोन लवकर बसतात. अवघड आहेत ते ई-आर, आय-आर आणि यू-आर, कारण तिन्हींचा आवाज एकच, ‘अर्’. टर्म, शर्ट, नर्स ऐकून कोणते स्पेलिंग हे कोणालाच सांगता येणार नाही, इंग्रजांच्या मुलालाही नाही. तिथे ऋकारासारखेच करावे : शब्दांचे तीन गट, भिंतीवर तीन तक्ते, आणि भरपूर वाचन. खानदेशी मुलाचा स्पष्ट ‘र’ मोडून साहेबी करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. एक पथ्य मात्र पाळावे : मराठीचा रफार आणि इंग्रजीचा आर एकाच आठवड्यात फळ्यावर आणू नयेत.

एका मर्यादेकडे लक्ष वेधतो. पुस्तिकेतले बहुतेक घरगुती शब्द अहिराणी आणि लेवा बोलीच्या पट्ट्यातले आहेत. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी किंवा तडवी घरांतली मुले आहेत, साक्रीच्या पश्चिमेला कोकणी आणि भिल्ल वस्त्या आहेत, चाळीसगाव-पाचोऱ्याकडे बंजारा तांडे आहेत. त्यांच्या घरी ‘धरम-धर्म’ची शिडी असेलच असे गृहीत धरता येत नाही. तिथल्या शिक्षकाने पुस्तिकेतले शब्द जसेच्या तसे उचलू नयेत. मुले आपसांत बोलताना ‘र’चे शब्द कसे म्हणतात ते आधी ऐकावे, टिपून ठेवावे, आणि मग सूत्र लावून पाहावे. लागले नाही तर सोडून द्यावे.

पुस्तिकेच्या मसुद्यातल्या एका पानावर एका मुलीचा प्रश्न जसाच्या तसा घेतला आहे : “मॅडम, हाऊ र कोठे बसस?” मराठी वर्गात हा प्रश्न मुलांनी अहिराणीत विचारला तर उत्तर देताना तो आधी प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेण्याची गरज नाही. प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर आता आपल्यापाशी आहे.

पुस्तिकेची शेवटची पाने मुद्दाम कोरी ठेवली आहेत. आपल्या गावातल्या पाट्या, दुकाने, शिवारांची नावे, आडनावे यांत जिथे जिथे जोडलेला ‘र’ सापडेल ते शब्द मुलांकडून त्या पानांवर गोळा करून घ्यावेत आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत सोबत आणावेत. पुढच्या आवृत्तीत पाठ्यपुस्तकातली उदाहरणे कमी करून हे शब्द घ्यायचे ठरले आहे.